पुजलेली बरणी

मी रागीट आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. भाजीवाल्यावर, कंडक्टरवर, नळ वाहता सोडून जाणाऱ्या माणसावर मी चिडते आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही जाते. एक राग मात्र गेलेला नाही. नव्वदच्या दशकात मी सांगलीत पीएचडी करत होते तेव्हाचा तो आहे आणि तो एका पोलादी बरणीवरून सुरू झाला. लोक मला सांगतात, एवढं शिकलीस, नाव झालं, आता सोड की. ज्यांचं काही गेलेलं नसतं त्यांना सोडायला फार सोपं जातं.

काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल. काही पदार्थ असे असतात की त्यांचं एक टोक तापवलं आणि दुसरं गार ठेवलं तर त्यातून वीज मिळते. आमचे सर पहिल्याच दिवशी असा एक काळपट तुकडा चहाच्या पेल्याला टेकवून दाखवायचे, मीटरचा काटा हलायचा आणि नवीन विद्यार्थी खूश व्हायचे. अडचण एवढीच, की उष्णता त्या तुकड्यातून पळत दुसऱ्या टोकाला जाते, दोन्ही टोकं सारखी तापतात आणि वीज थांबते. म्हणजे उष्णतेला अडवायचं आणि विजेला जाऊ द्यायचं. त्याला एक उपाय होता. कुठलाही असा तुकडा बारीक बारीक कण एकमेकांना चिकटून झालेला असतो. दोन कण जिथं भेटतात त्या सांध्यावर उष्णता अडखळते, वीज मात्र बऱ्यापैकी पार होते. कण जितके बारीक तितके सांधे जास्त. परदेशातल्या मासिकांत तेव्हा नॅनो हा शब्द नुकता दिसायला लागला होता. सर त्या लेखांच्या झेरॉक्स प्रती मागवून पुन्हा पुन्हा वाचायचे.

बारीक करणं सोपं होतं. पोलादी गोळ्यांबरोबर भुकटी बरणीत घालायची आणि यंत्रावर ती बरणी गरगर फिरवत ठेवायची. पण नुसत्या भुकटीचा उपयोग नाही, तिचा घट्ट तुकडा व्हायला हवा, आणि त्यासाठी ती भट्टीत तापवत दाबावी लागते. तापली की शेजारचे कण एकमेकांत मिसळतात आणि मोठे होतात. आई तूप कढवायची तेव्हा ते सावकाश निवलं की रवा जाड धरायचा, तसंच. सगळी मेहनत करून बारीक केलेलं भट्टीत बघता बघता जाड व्हायचं. भट्टीत कण वाढू द्यायचे नाहीत, हा माझ्या पीएचडीचा सगळा विषय होता.

मी माण तालुक्यातली, म्हसवडजवळच्या एका गावची. आमचं घर बौद्ध. वडील मुंबईला गोदीत होते, आई गावी बाजरी आणि शेरडं सांभाळायची. सर कृष्णाकाठचे, उसाच्या घरातले, दोन भाऊ फौजेत. शिकवायला फार चांगले होते, ते मी नाकारणार नाही. दुसऱ्या दोघा मार्गदर्शकांनी जागा नाही असं सांगितल्यावर त्यांनी मला घेतलं होतं. हेही नाकारणार नाही. पण म्हणून पुढचं सगळं मी गिळावं असा काही करार झालेला नव्हता.

दळायचं परदेशी यंत्र आणणं शक्य नव्हतं, म्हणून सरांनी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून ते बनवून घेतलं. जाड पोलादी भांडं, त्याला पेचाचं झाकण. कॅटलॉगमध्ये त्याला जार म्हणत, आमचे मामा बरणी म्हणत, आणि मग सगळेच बरणी म्हणायला लागले. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले परिचर, तिथले सगळ्यांत जुने. प्रत्येक दळणानंतर बरणी आणि गोळ्या ॲसिटोननं धुऊन कोरड्या करून कपाटात ठेवणं हे त्यांचं काम. धातू मोजून बरणीत भरणं, दळणं, भट्टीत दाबणं आणि तुकडा घासून तपासायला नेणं हे माझं.

तपासणी कोल्हापूरला व्हायची. तिथं क्ष-किरणांचं यंत्र होतं. तुकडा त्यात ठेवला की कागदावर आलेख उमटायचा. कण मोठे असले की आलेखातले सुळके उंच, अरुंद, टोकदार यायचे. कण बारीक असले की तेच सुळके बुटके आणि पसरट यायचे. आम्हाला पसरट हवे होते. भुकटीचे पसरटच यायचे, पण दाबलेल्या तुकड्याचा आलेख काढला की दर वेळी टोकदार. ते टोकदार सुळके बघून मला एसटीत परत बसायचीही इच्छा व्हायची नाही.

आमचं दळायचं यंत्र श्रावणात आलं. दसऱ्याच्या सुट्टीला मी नेहमीसारखी गावी गेले. दसऱ्याच्या दिवशी आमच्यात धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. विहारात वंदना, पांढरी साडी, दुपारी खीर. परत आल्यावर कपाटातून बरणी काढली, भुकटी भरली, दळली, दाबली आणि तुकडा घेऊन कोल्हापूरला गेले. यंत्रातून कागद बाहेर यायला लागला आणि मी उभीच राहिले. सुळके पसरट होते. ऑपरेटरला म्हटलं, पुन्हा काढा. त्यानं कुरकुर करत पुन्हा काढला. पुन्हा पसरट. स्टँडवरच्या बाकावर बसून मी ती गुंडाळी मांडीवर उलगडून बघत होते आणि शेजारच्या बाईनं मला विचारलं, कुंडली आहे का?

सरांनी तो आलेख बघितला आणि ते खुर्चीतून उठले. मला स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला. महिन्याभरातच ते तुकडा घेऊन दक्षिणेतल्या एका परिषदेला गेले आणि त्यांनी जाहीर केलं, की सांगलीत कण थोपवले. तिथं व्यासपीठावर चहाचा पेला नव्हता, म्हणून त्यांनी तुकडा स्पिरिटच्या दिव्यावर धरला. मीटरचा काटा चांगलाच हलला, टाळ्या पडल्या. हे त्यांनीच मला कौतुकानं सांगितलं.

त्यानंतर ते पुन्हा झालं नाही. तीच भुकटी, तेवढंच दळण, तीच भट्टी, आणि आलेख टोकदार. थंडीभर मी एकेक गोष्ट बदलून बघितली. दाब वाढवला, वेळ कमी केला, भारनियमनाचं वेळापत्रक बघून भट्टी लावली. काही नाही. परिषदेत सरांचं ऐकलेल्या एका प्राध्यापकांनी आपल्याकडे करून बघितलं, त्यांचा सरांना फोन आला, की आम्हाला काही जमत नाही बुवा. सरांनी दिव्यावर धरलेला तो पहिला तुकडा परत तपासला, तर तोही टोकदार. तो तसा येणारच होता, दिव्याची धग तुकड्याच्या सोसण्यापलीकडची असते. मी हे म्हटलं तर सर म्हणाले, "एवढ्यानं काय होतंय."

आणि मग एका सकाळी माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "त्या वेळी कोल्हापूरला नेला होतास, तो तुकडा दाबलेलाच होता ना?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. दाबलेला नाही तर काय? मग कळला. भुकटीचा आलेख मी तुकड्याचा म्हणून खपवला, असं ते म्हणत होते. तळपायाची आग मस्तकात जाणं हे मी तोवर नुसतं ऐकलं होतं. मी म्हणाले, "सर, दाबलेलाच होता." ते म्हणाले, "मग येत का नाही?" येत का नाही ते मला कळलं असतं तर मी थंडीभर त्या भट्टीपुढं कशाला बसले असते?

विभागप्रमुखांच्या खोलीत मला बोलावलं. सर होते, विभागप्रमुख होते आणि आणखी एक ज्येष्ठ प्राध्यापक. त्या वेळी वेगळं काय केलंस, असं त्यांनी विचारलं. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. काहीच वेगळं नव्हतं. मग मामांना आत बोलावलं. सरांनी विचारलं, "त्या वेळी बरणी नीट धुतली होतीस ना?"

"व्हय साहेब."

"नक्की?"

"व्हय की. एकदम स्वच्छ व्हती."

मामा बाहेर गेले. म्हणजे चूक यंत्राची नाही, बरणीची नाही, राहिले मी. ज्येष्ठ प्राध्यापक मवाळ आवाजात म्हणाले, "हे बघ, तुमच्या लोकांना आता कुठं संधी मिळायला लागली आहे. ती अशी वाया घालवू नये. घाई होते, माणूस चुकतो. लिहून दे, विषय संपला." तुमच्या लोकांना, असं म्हणाले. मी एकटी त्या खोलीत होते आणि माझ्यामागं अख्खी वस्ती उभी करून त्यांनी तिला दम दिला. सर खिडकीबाहेर बघत होते. त्या क्षणी ते एक शब्द बोलले असते तर आज मी हे लिहीत नसते.

लिहून काय द्यायचं, तर तो आलेख न दाबलेल्या भुकटीचा होता, एवढंच. सही केली तर नोंदणी पुढं चालू. नाही केली तर दिवाळीनंतर नूतनीकरणाची शिफारस नाही, म्हणजे घरी. तोवर यंत्राला हात लावायचा नाही, वाचनालयात बसून वाचायचं.

उन्हाळ्यात गावी गेले. आईला क्ष-किरण, सुळके काही सांगत बसले नाही. म्हटलं, मी खोटं केलं असं ते म्हणतात आणि तसं लिहून मागतात. आई शेळीची धार काढत होती. ती थांबली नाही.

"केलंयस का?"

"नाही."

"केलं असंल तर सांग. मी काय मारत न्हाई."

"नाही केलं, आई."

"मग सही करू नगंस. त्येंच्या तोंडानं म्हनू दे, की पोरीचं खरं व्हतं. तवर हटायचं न्हाई."

बाकी कुणी मला असं विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी केलंय असं धरूनच विचारलं होतं.

मी सांगलीला परत आले आणि पावसाळा वाचनालयात काढला. प्रयोगशाळेच्या दारावरून गेले की यंत्राची घरघर ऐकू यायची, दुसरा कुणी तरी माझी बरणी फिरवत असायचा. त्यालाही टोकदार सुळके येत होते. त्याला कुणी काही विचारत नव्हतं. कारण त्यानं कधी पसरट आणलेच नव्हते.

दसरा आला. त्या वर्षी मी गावी गेले नाही. विहारात सगळ्या बाया विचारणार, कवा व्हनार गं डॉक्टर, आणि आई माझ्याकडे बघणार. सोसवलं नसतं. आदल्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेतली माझी पुस्तकं तरी आणावीत म्हणून गेले, तर आत गर्दी. खंडेनवमी होती. आमच्या भागात त्या दिवशी हत्यारं, यंत्रं, वजनकाटे, गाड्या सगळं पुजतात, ते मला माहीत होतं. रस्त्यावरच्या एसट्यांना झेंडूच्या माळा मीही बघितल्या होत्या. पण आमच्या घरात ते नाही आणि या दिवशी मी कायम गावी असायची. कॉलेजातली पूजा मी कधी बघितलीच नव्हती.

टेबलावर स्वच्छ चादर अंथरली होती. त्यावर मीटर, पाने, पक्कड, भट्टीचा साचा, आणि मधोमध बरणी. तिच्या झाकणावर हळदकुंकू. झाकण बाजूला काढून ठेवलं होतं आणि आतून बरणी चमकत होती. मामा वाटीतल्या गोड्या तेलात कापसाचा बोळा बुडवत होते आणि बाळाला न्हाऊ घालावं तसं आतून, कडेनं, तळाशी, हात घालून तेल चोळत होते. पोलादी गोळ्या तेलाच्या ताटलीत घोळवून ठेवल्या होत्या.

मी टेबलापाशी गेले. मला माझाच आवाज लांबून आल्यासारखा ऐकू येत होता.

"मामा, आतून पण तेल लावता?"

"मग! वरसातनं एकदा तरी हत्याराच्या पोटात तेल जाया पायजे, ताई. न्हाईतर गंजतंय."

"गेल्या साली पण लावलं होतं?"

"व्हय तर. नवी व्हती की. तिची पयली खंडेनवमी."

"आणि सुट्टीनंतर धुतली?"

"फडक्यानं पुसली. पुजलेलं हत्यार लगीच त्या औषधानं धुवायचं नसतंय. एकदा चालवायचं आन् मग धुवायचं."

"मामा, साहेबांनी तुम्हाला विचारलं होतं. धुतली का म्हणून."

मामांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. "आवं ताई, स्वच्छ व्हती का म्हनून इचारलं त्येंनी. व्हती की. पूजेचं त्याल ते, ती काय घान हाय व्हय?"

मामांवर मी तेव्हा चिडले आणि नंतर ते चिडणं सोडून दिलं. बाकीच्यांवरचं सोडलेलं नाही. कारण ते सगळे तिथंच उभे होते. सरांच्या हातात नारळ होता. विभागप्रमुख होते. ज्येष्ठ प्राध्यापक खोबऱ्याचे तुकडे करत होते. मागच्या वर्षीही हे सगळे असेच या टेबलाभोवती उभे राहिले होते आणि त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, की ज्या बरणीत आठवडाभरात मी भुकटी भरणार आहे तिला आतून तेल लावलं जातं आहे. भुकटीत धुळीचा कण गेला तर मला झापणारी ही माणसं. त्या खोलीत मला आरोपीसारखं बसवून काय वेगळं झालं, काय वेगळं झालं म्हणून विचारत होती, आणि उत्तर त्यांच्या डोळ्यांदेखत घडून गेलेलं होतं. पूजा त्यांच्या लेखी प्रयोगात धरायची गोष्टच नव्हती. मला ती दिसली असती, कारण मला ती नवीन होती. पण त्या सुट्टीत मी गावी पांढरी साडी नेसून विहारात बसले होते. आणि खोटी ठरले मी.

मी सरांना म्हटलं, "सर, यंत्र लावू द्या. आत्ता. ही बरणी न धुता."

"आज?" सर म्हणाले. "आज यंत्र चालवत नाहीत."

"ये, प्रसाद घे," ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले.

सुट्टी संपेपर्यंत मी थांबले. ते दिवस कसे गेले ते मला आठवत नाही, कुणी बरणी धुवू नये म्हणून मी कपाटाची किल्ली मामांकडून मागून घेतली होती तेवढं आठवतं. सरांनी यंत्राला हात लावायची परवानगी दिली. मला वाटतं त्यांनाही तेव्हा धाकधूक झाली असावी. मी दळलं, दाबलं, कोल्हापूरला नेलं. सोबत या वेळी त्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्याला पाठवलं. माझ्यावर नजर ठेवायला पाठवलं हे कळण्याइतकी अक्कल मला होती. सुळके पसरट आले. मग बरणी धुऊन, तेलाशिवाय केलं. टोकदार. धुऊन, मोजून थेंबभर तेल घालून केलं. पसरट.  परतताना सांगली आल्यावर तो विद्यार्थी म्हणाला, "सॉरी हं."

कारण अगदी साधं होतं. दळताना तेल कणाकणाला लागतं. भट्टीत त्या तेलाची काजळी होते आणि ती सांध्यांत बसून राहते. शेजारचे दोन कण एकमेकांत मिसळायला गेले की मध्ये काजळी आडवी येते. कण वाढत नाहीत. विजेला थोडा त्रास होतो, पण उष्णतेला त्याहून कितीतरी जास्त होतो. मी ते फळ्यावर लिहून समजावलं. सर टाळी देऊन म्हणाले, "बघ, सापडलं की नाही!"

मी वाट बघत होते. आज म्हणतील, उद्या म्हणतील. त्यांनी लेखाचा मसुदा लिहायला घेतला. त्यात लिहिलं, की कणांची वाढ रोखण्यासाठी आम्ही वनस्पती तेलाची निवड केली. निवड केली! माझं नाव त्यांच्या नावानंतर होतं, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. सहीचा तो कागद कुणी पुन्हा मागितला नाही. नूतनीकरणाची शिफारस गुपचूप पुढं गेली. जिन्यात ज्येष्ठ प्राध्यापक भेटले, तर म्हणाले, "नशीबवान आहेस. देवीनं लाज राखली तुझी." माझी लाज गेलेलीच नव्हती, ती राखायला देवी कशाला यावी? पण हे मला खोलीवर जाऊन सुचलं.

शेवटी मीच सरांना म्हटलं, "सर, त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर एकदा सांगा, की तो आलेख खरा होता. एक वाक्य."

सर हसले. अगदी प्रेमानं हसले. "अगं, आता सिद्धच झालं की. वेगळं काय सांगायचं?"

"मी खोटी आहे हे वेगळं सांगितलं होतं, सर."

"किती लावून घेतेस तू."

मला पदवी मिळाली. गावी गेले तर आईनं पेढा हातात घेतला आणि तोंडात घालायच्या आधी विचारलं, "म्हनला का त्यो, तुझं खरं व्हतं म्हनून?" म्हटलं, नाही अजून. तिनं पेढा अर्धा खाल्ला आणि अर्धा शेजारणीच्या नातवाला दिला. पुढं मला सातारला नोकरी लागली. दर खेपेला गावी गेले की ती चहा ठेवता ठेवता विचारायची, म्हनला का? आणि मी म्हणायची, नाही.

दरम्यान ती गोष्ट पसरली. परिषदांमध्ये, परीक्षकांच्या जेवणात, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात. गोष्ट गमतीचीच आहे, मला कळतं. पुजलेली बरणी, मामांचं गोडं तेल, परदेशी मासिकात छापून आलेला लेख. लोक पोट धरून हसतात. फक्त सांगून सांगून तिच्यातून काही तरी गळत गेलं. पहिल्यांदा ज्येष्ठ प्राध्यापकांचं वाक्य गळलं, मग सहीचा कागद, मग खोली. शेवटी उरलं, की एक मुलगी कारण शोधत होती आणि मामांकडे सापडलं.

दशक संपता संपता सर निवृत्त झाले. समारंभाला मी सातारहून गेले. सभागृह भरलं होतं. मामा पहिल्या रांगेत होते, त्यांनाही शाल दिली. सरांनी भाषणात ती गोष्ट सांगितलीच. माझ्याकडे हात करून म्हणाले, "ही आमची विद्यार्थिनी. दसऱ्याला गावी जायची, तिला काय माहीत आमची खंडेनवमी! वर्षभर बिचारी शोधत बसली." सभागृह हसलं. मामाही लाजत हसले.

त्यानंतर मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी सरांच्या शिकवण्याबद्दल लिहून नेलं होतं, आणि ते खरंही होतं. पण बिचारी शोधत बसली, एवढं ऐकल्यावर तो कागद मी पर्समधून काढलाच नाही. मी म्हणाले, "सरांच्या गोष्टीत एक राहिलं. मी वर्षभर शोधत बसले नव्हते. मी खोटा आलेख आणला असं मला सांगितलं होतं. तसं लिहून मागितलं होतं. यंत्राला हात लावू दिला नव्हता. तुमच्या लोकांना संधी मिळाली आहे, ती वाया घालवू नका, असंही सांगितलं होतं. मी सही केली नाही, म्हणून आज इथं उभी आहे. आलेख खरा होता, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

  सूत्रसंचालन करणारी मुलगी माइककडे यावं की नाही अशी घुटमळत उभी राहिली. ज्येष्ठ प्राध्यापक दुसऱ्या रांगेत चष्मा पुसत होते.

सर उठले. माझ्या हातातून माइक घेतला. एका हातात हार, दुसऱ्या हातात माइक. सभागृहाकडे बघून हसत म्हणाले, "बरं बाई, खरा होता तुझा आलेख! झालं?"

आणि लोक हसले. सुटल्यासारखे हसले, मग टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्याचा फोटो निघाला. तो फोटो त्यांच्या घरी भिंतीवर आहे असं मी ऐकते.

मी जेवायला थांबले नाही. मिळेल ती एसटी धरली, बदलली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावी पोचले. आई चुलीपुढं होती. मी पाट ओढून बसले. तिनं नेहमीसारखं विचारलं.

"म्हनला का?"

"म्हणाले."

तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"कसा म्हनला?"

"हसत."

आईनं भाकरी उलटली.

"मंग न्हाई म्हनला," ती म्हणाली.